अर्ली डिसिजनच्या करारावर सही करण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शिक्षण पुरवणीत परदेशात सिनेमा शिकण्याविषयीचा लेख वाचला. मुलांना हुरूप देणारा लेख होता आणि असं कुणीतरी मराठीत लिहायला हवंच होतं. पण त्यातला एक सल्ला मला अपुरा वाटला. आवडत्या अमेरिकी विद्यापीठात ‘अर्ली डिसिजन’ने, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाऊ असा शब्द देऊन मुदतीआधी, अर्ज करावा, प्रवेशाची शक्यता वाढते, एवढंच सांगून लेख पुढे गेला. ज्या घराला चार वर्षांच्या पैशांची जुळणी करायची आहे, त्या घरासाठी हा अर्धा सल्ला धोक्याचा आहे. उरलेला अर्धा सांगावा म्हणून हे पत्र.

मी कोल्हापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. अमेरिकी विद्यापीठांच्या कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जात, विद्यार्थ्याच्या शाळेतला ‘काउन्सेलर’ लागतो. तो शाळेची माहिती भरतो, गुणपत्रकं पाठवतो, शिफारस लिहितो. आपल्याकडच्या बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत असं पद नाही. इंग्रजीची शिक्षिका म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. त्यामुळे अर्ली डिसिजनच्या करारावरची तिसरी सही माझी असते. पहिली विद्यार्थ्याची, दुसरी पालकांची. त्या करारात लिहिलेलं असतं की प्रवेश मिळाला तर विद्यार्थी तिथेच जाईल आणि बाकी सगळे अर्ज मागे घेईल. असा अर्ज एका वेळी एकाच ठिकाणी करता येतो. मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास असते आणि निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो. काही विद्यापीठं जानेवारीत दुसरी फेरी घेतात, तिचा निकाल फेब्रुवारीत कळतो. नेहमीच्या अर्जाचा निकाल मार्चअखेरीस लागतो आणि विद्यार्थ्याला १ मेपर्यंत विचार करायला, दोन-चार ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून बघायला वेळ मिळतो. अर्ली डिसिजन घेणारा तो वेळ सोडून देतो. आमच्या भागातल्या भाषेत सांगायचं तर जमिनीचा भाव ठरायच्या आधीच केलेली ही इसारपावती आहे.

एकाच वर्षी माझ्याकडे सिनेमा शिकायला जाऊ इच्छिणारी दोन मुलं आली. एक शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री मालकाचा मुलगा. दुसरी इचलकरंजीची मुलगी. वडील लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा व्यवसाय करतात. दोघांनाही एकाच सल्ला केंद्राने एकच वाक्य सांगितलं होतं: न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या टिश स्कूलला अर्ली डिसिजन टाका. दोघांची घरं वेगळी आणि डोक्यातला सिनेमाही वेगळा, पण सल्ला तोच.

आधी मुलाचं सांगते, कारण तिथे पैशाचा प्रश्न नव्हता आणि त्यामुळे निवडीचा प्रश्न स्वच्छ दिसला. टिशचं पदवीचं वर्षाचं एकूण खर्चाचं अंदाजपत्रक, म्हणजे फी, राहणं, जेवण, विमा सगळं धरून, नव्वद हजार डॉलरच्या वर जातं. चार वर्षांचे रुपये केले तर तीन कोटींच्या पुढे. वडिलांनी तो आकडा ऐकला, दोन प्रश्न विचारले आणि हो म्हटलं. मग अडचण कुठे होती? मुलाच्या मनात न्यूयॉर्क नव्हतंच. त्याला लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाची, यूएससीची, ओढ होती. मोठे सेट, प्रकाशयोजना, कॅमेरा विभागात काम करणं हे त्याचं वेड. पण आमच्या वर्षी यूएससीच्या सिनेमा विभागाला अर्ली डिसिजन नव्हतं. पोर्टफोलिओसह अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीला जायचा. लॉस एंजेलिसच्याच यूसीएलए या सरकारी विद्यापीठाला तर अर्ली डिसिजन ही भानगडच नाही. अर्ली डिसिजन होतं टिशला, बॉस्टनच्या इमर्सन कॉलेजला, बॉस्टन युनिव्हर्सिटीला, शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्नला, कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज गावच्या चॅपमन युनिव्हर्सिटीला. म्हणजे ‘कुठे शिकू’ हा प्रश्न बाजूला पडून ‘लवकर कुठे कळेल’ हा प्रश्न त्याची जागा घेऊ पाहत होता. तो पोरगा टिशच्या करारावर सही करायला निघाला होता आणि यूएससीला अर्ज करून उत्तर ऐकण्याची संधी आपण होऊन टाकून देणार होता.

मी त्याला आणि त्याच्या वडिलांना समोर बसवून दोन विद्यापीठांत शिकवण्याची पद्धत किती वेगळी आहे ते वाचून दाखवलं. आपल्या मुलांना हे कुणी सांगतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. टिशमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याने स्वतः लिहावं, स्वतः दिग्दर्शन करावं, यावर भर आहे. ‘साइट अँड साउंड’ नावाचे तिथले पायाभूत वर्ग प्रसिद्ध आहेत. मुलं एकमेकांच्या लघुपटांवर काम करतात, पण शेवटी आपापला लघुपट आपापल्या खिशातून किंवा लोकांकडून पैसे जमवून उभा करतात आणि त्याचे हक्क त्यांच्याकडेच राहतात. यूएससीमध्ये स्टुडिओसारखी विभागणी आहे. छायाचित्रण, ध्वनी, संकलन, निर्मिती अशी कामं वाटून घेऊन मुलं एकत्र राबतात, वरच्या वर्गातल्या निवडक लघुपटांचा मोठा भार विद्यापीठ उचलतं आणि वर्गात बनलेल्या लघुपटांचे हक्क विद्यापीठाकडे राहत आले आहेत. ज्याला स्वतःची गोष्ट सांगायची आहे आणि ती आपल्या नावावर ठेवायची आहे, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. ज्याला उत्तम कॅमेरामन व्हायचंय, त्याला हक्कांपेक्षा सेटवरचे तास जास्त मोलाचे. या मुलाला सेटवरचे तास हवे होते. मग त्याने टिशला बांधून घेणारा करार का करावा?

त्याने अर्ली डिसिजन कुठेच घेतलं नाही. चॅपमनला ‘अर्ली ॲक्शन’ने अर्ज केला. त्यातही निकाल लवकर कळतो, पण विद्यार्थी बांधला जात नाही. बाकी ठिकाणी नेहमीच्या मुदतीत अर्ज गेले. एप्रिलमध्ये त्याच्या हातात निवडायला खरोखर काही होतं. आज तो कॅलिफोर्नियात शिकतो आहे आणि सुट्टीत आला की लाइटच्या स्टँडवर वाळूच्या पिशव्या कशा ठेवतात ते माझ्या वर्गातल्या मुलांना शिकवून जातो. त्याने मात्र टिशच मनापासून निवडलं असतं, तर त्या घरात मी डोळे झाकून सही केली असती हेही सांगते. ज्या घराला पूर्ण खर्च झेपतो आणि ज्या मुलाचं मन एकाच जागी पक्कं आहे, त्यांच्यासाठी अर्ली डिसिजन योग्य आहे. माझा विरोध त्या पद्धतीला सरसकट नाही.

आता मुलीकडे येते.

तिचा लघुपट मी आमच्या स्टाफरूममध्ये पाहिला. इचलकरंजीत वीज गेली की यंत्रमाग थांबतात आणि रात्रंदिवस खडखडाटात राहणाऱ्या घरात अचानक माणसांचे आवाज ऐकू येऊ लागतात, एवढाच विषय. सासू-सुना मोठ्याने बोलायची सवय असल्याने शांततेतही ओरडूनच बोलतात. लगीनसराई संपल्यावर वडिलांच्या संगणकावर तिने रात्री बसून तो संकलित केला होता. कॅमेरा बापाचा, पण कान तिचे स्वतःचे. या मुलीला सिनेमा येतो, हे मला त्या नऊ-दहा मिनिटांत समजलं.

वडील करार घेऊन आले आणि म्हणाले, “मॅडम, पैशाचं नंतर बघू की. आधी नंबर तर लागू दे.” हे वाक्य मी आजवर अनेक पालकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि त्यामागची माया मला कळते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात ते चालतं. आधी नंबर लागतो, मग कर्ज, मग सोनं, मग सोसायटी. अमेरिकेतल्या पदवीसाठी ते चालत नाही, आणि कारण फार कमी लोकांना माहीत आहे. परदेशी विद्यार्थ्याला अर्ज करतानाच लिहावं लागतं की आर्थिक मदत हवी की नको. ‘नको’ लिहून प्रवेश मिळवला, तर पुढे मदत मागता येणार नाही, कित्येक ठिकाणी चारही वर्षं नाही, असा नियम अनेक विद्यापीठांनी परदेशी मुलांसाठी ठेवला आहे. आणि ‘हवी’ असं लिहिलं, तर बहुसंख्य विद्यापीठांत त्या गरजेचा विचार प्रवेश देतानाच होतो. सारख्या तोडीच्या दोन मुलांपैकी ज्याला कमी मदत लागेल तो पुढे जाऊ शकतो. हा नियम कठोर आहे, पण तो उघड लिहिलेला आहे आणि वाचायला हवा.

अर्ली डिसिजनच्या करारातून सुटण्याचं एक मान्य कारण आहे: मिळालेली मदत अपुरी पडणं. पण ज्याने मदत मागितलीच नाही, त्याला हे कारण देता येत नाही. म्हणजे ‘पैशाचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या घराने आपल्या हाताने बाहेर पडायचं दार बंद केलेलं असतं. मी त्या गृहस्थांना सांगितलं, “दादा, या कागदावर मी अशी सही करणार नाही. आधी आकडा काढू.” ते दुखावले. मुलगी रडली. मला दोघांसमोर बसून राहावं लागलं आणि मी बसले.

आकडा काढायचा म्हणजे सीएसएस प्रोफाइल भरायचं. कॉलेज बोर्ड या अमेरिकी संस्थेचा, मदत ठरवण्यासाठी घरची आर्थिक परिस्थिती विचारणारा हा अर्ज आहे, पहिल्या विद्यापीठासाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६. उत्पन्न, घर, शेत, बँकेतली शिल्लक, कर्ज, सगळं विचारतात. लग्नाच्या शूटिंगचं उत्पन्न तुळशीच्या लग्नापासून पुढच्या काही महिन्यांत येतं आणि पावसाळ्यात आटतं. वहीत एक, विवरणपत्रात एक, असं चालणार नव्हतं. वडिलांनी जुनी बिलं काढली, कॅमेऱ्याच्या हप्त्यांचे कागद काढले. त्यांनी ते ज्या चिकाटीने केलं त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. शेवटी जे समोर आलं ते असं: हे घर ओढूनताणून वर्षाला जे देऊ शकेल, ते टिशच्या वर्षाच्या खर्चाच्या एक दशांशही नव्हतं. सार्वजनिक बँका साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बहुधा तारण मागतात, आणि तारण म्हणजे राहतं घर. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत. बारावीनंतर पदवीला जाणाऱ्या मुलीला त्यांचा उपयोग नाही.

अशा मुलीने विद्यापीठं निवडायची कशी? नावावरून सुरुवात करू नये, एवढं आम्हाला कळलं. आधी विचारायचं की कोणती विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याची दाखवलेली पूर्ण आर्थिक गरज, म्हणजे एकूण खर्च आणि घर देऊ शकेल ती रक्कम यांतला फरक, भागवतात. मग त्यातली कोणती सिनेमा चांगला शिकवतात. यूएससी परदेशी मुलांना गरजेवर आधारित मदत देत नाही. गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या सगळा खर्च भागवतील अशा भरवशावर घर उभं राहत नाही. यूसीएलएसारख्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी संस्थांतही परदेशी मुलांना गरजेवर मदत नाही. हे कळलं की यादीतली मोठमोठी नावं आपोआप गळतात आणि ज्यांचं नाव सिनेमाच्या संदर्भात आपल्याकडे कुणी घेत नाही अशी नावं वर येतात.

कनेक्टिकट राज्यातलं वेझलियन हे त्यातलं पहिलं. तिथे सिनेमा हा विषय दुसऱ्या वर्षात निवडतात. आधी भरपूर सिनेमे पाहणं, त्यांचा इतिहास, एखादं दृश्य तसंच का रचलं याचा विचार; कॅमेरा नंतर, आणि शेवटच्या वर्षी प्रबंधाच्या जागी लघुपट करता येतो. ज्या मुलांना पहिल्या दिवशी कॅमेरा हवा असतो ती तिथे कंटाळतील. आमच्या मुलीच्या हातात कॅमेरा बालवाडीपासून होता, तिला जगाचा सिनेमा पाहायला मिळाला नव्हता. तिच्यासाठी हे उलट फायद्याचं होतं. नॉर्थवेस्टर्नमध्ये पाहणं आणि करणं शेजारीशेजारी चालतं. ही दोन्ही विद्यापीठं निवडलेल्या परदेशी मुलांची पूर्ण गरज भागवतात, मात्र निवडतानाच गरज विचारात घेतात. अमर्स्ट, बोडन, डार्टमथ ही महाविद्यालयं गरज न बघता परदेशी मुलांना निवडतात आणि तिघांनाही अर्ली डिसिजन आहे. डार्टमथमध्ये फिल्म आणि मीडिया स्टडीजचा विभाग आहे. येल, हार्वर्डही गरज बघत नाहीत आणि तिथला लवकरचा अर्ज बांधून घेणारा नाही. प्रवेश मिळणं या सगळ्याच ठिकाणी महाकठीण. पण मिळाला तर जाता येईल, अशी ही यादी होती. टिशची यादी ‘मिळाला तरी जाता येणार नाही’ अशी होती. मी मुलीला हे दोन कागद शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा तिने पहिल्यांदा डोळे पुसून प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुठे ध्वनीचं वेगळं प्रशिक्षण आहे, मराठी संवाद असलेला लघुपट तिथे करू देतील का, असे चांगले प्रश्न.

तिने गरज पूर्ण भागवणाऱ्या एका महाविद्यालयाला, मदत हवी असं स्पष्ट लिहून, अर्ली डिसिजनने अर्ज केला. तो करार मी सही करून पाठवला. डिसेंबरमध्ये नकार आला. मग नेहमीच्या फेरीत बाकीचे अर्ज गेले, आणि तिच्या हट्टाखातर एका नावाजलेल्या फिल्म स्कूललाही. तिथे तिची निवड झाली! लघुपटावर झाली, यात मला शंका नाही. पत्रात दिलेली शिष्यवृत्ती वजा करूनही वर्षाला पन्नास लाखांहून जास्त रक्कम उरत होती. घरात दोन रात्री कुणी नीट झोपलं नाही. मग तिने स्वतः नकार कळवला. नेहमीच्या फेरीतला प्रवेश असल्याने तिला कुणाला कारण द्यावं लागलं नाही, कुणाचा शब्द मोडावा लागला नाही. हाच प्रवेश अर्ली डिसिजनने, ‘मदत नको’ लिहून मिळाला असता तर? तो विचार मनात आला की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

कुणी म्हणेल, करार मोडला तर कोण कोर्टात खेचतंय? खेचत नाहीत, हे खरं. हा करार शब्दावर चालतो. पण त्याचे परिणाम होतात आणि ते इतरांना भोगावे लागतात. २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठाची बातमी आली होती. एका विद्यार्थ्याने अर्ली डिसिजनचा शब्द मोडला म्हणून कोलोरॅडोतल्या त्याच्या शाळेच्या पुढच्या मुलांना वर्षभर अर्ली डिसिजनची वाट त्या विद्यापीठाने बंद केली. मुलगा एक, फटका त्याच्या मागच्या वर्गाला. आमच्यासारख्या, अमेरिकेत कुणी नावही न ऐकलेल्या महाविद्यालयाची सही एकदा खोटी ठरली तर पुढच्या मुलांच्या शिफारशी कोण वाचणार? याच पद्धतीविरुद्ध अमेरिकेत २०२५ च्या ऑगस्टमध्ये खटलाही दाखल झाला आहे. या पद्धतीमुळे फीची तुलना करता येत नाही आणि खर्च चढे राहतात, हा त्यातला एक आरोप. न्यायालय काय ठरवेल ते ठरवो. आज करार आहे, आणि सही करणाऱ्याने तो पाळायचा आहे.

आपल्या बोर्डाच्या मुलांची एक वेगळी अडचण आहे, ती लेखात आली नव्हती. अमेरिकेला नववी ते बारावी अशी चार वर्षांची गुणपत्रकं एकत्र हवी असतात. आपल्याकडे दहावीनंतर संस्थाच बदलते. नववी-दहावीचे कागद शाळेकडे, अकरावीचे आमच्याकडे, आणि बारावीचा निकाल मे महिन्यात. नोव्हेंबरच्या अर्जासाठी बारावीचे अंदाजित गुण आम्हीच लिहून द्यायचे. शाळेची माहिती देणारं एक पान लागतं. त्यात कला शाखेत ऐंशी टक्के म्हणजे काय, आमच्या वर्गात किती मुलं असतात, मुलं एसटीने किती लांबून येतात, हे मी लिहिते. तिकडे बसून अर्ज वाचणाऱ्या माणसाला ते कळल्याशिवाय गुणांना अर्थ नाही. यात दिवाळी. २०२४ साली लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला होतं, कार्यालयाला कुलूप. अर्ज करणाऱ्या पालकांनी गणपती झाले की लगेच शाळेत आणि महाविद्यालयात जाऊन कागद मागावेत. शिक्का मारणारा कारकून सुट्टीवर गेल्यावर धावपळ करून काही होत नाही.

शिक्षणानंतरचंही थोडं. पदवीनंतर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एक वर्ष काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना आणखी दोन वर्षं वाढवून मिळतात, सिनेमा निर्मितीची पदवी सहसा त्या यादीत नसते. २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबल्या होत्या आणि नंतर समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. अमेरिकेत शिकून तिथेच व्हिसा बदलणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा पुढे आला. एवढ्या अस्थिर काळात ‘तिकडे नोकरी करून कर्ज फेडू’ या हिशेबावर तीन कोटींचा करार नोव्हेंबरात करणं मला धाडसाचं वाटतं. सिनेमाच्या धंद्यात पहिली काही वर्षं ठरलेला पगार नसतो, हे तर मुंबईत असो की लॉस एंजेलिसात, सारखंच.

मुलगी आता इचलकरंजीहून रोज येऊन बी.ए. करते आहे. पदवीनंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा देणार आहे, तिथे ध्वनीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि खर्चाची तर तुलनाच होत नाही. तिला मी एक गोष्ट सांगितली, तीही वाचकांसाठी लिहिते. यूएससीचं सिनेमाचं शिक्षण १९२९ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी, १९२९ मध्ये, इथे कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली; १९३३ मध्ये ती पुण्याला गेली आणि तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. परदेशी जाणं थांबलं म्हणून सिनेमा थांबत नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. ती पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला जाईलही. तेव्हा शिष्यवृत्त्यांची दारंही जास्त असतील, आणि तेव्हाही तिच्या अर्जावर शिफारस लिहायला मी आनंदाने तयार आहे.

आपल्याला विनंती अशी. दर वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या पुरवणीत एक पान असं द्या, ज्यात प्रत्येक विद्यापीठापुढे तीन गोष्टी असतील: परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर मदत मिळते का, मदत मागितल्याने निवडीवर परिणाम होतो का, आणि पहिल्या वर्षी न मागितलेली मदत नंतर मागता येते का. ही माहिती विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर असते. फक्त इंग्रजीत आणि खोल कुठेतरी. शिक्षण विभागालाही विनंती आहे की कनिष्ठ महाविद्यालयांसाठी नववी ते बारावीच्या एकत्रित इंग्रजी गुणपत्रकाचा एक नमुना ठरवून द्यावा. आज प्रत्येक महाविद्यालय आपापल्या परीने कागद तयार करतं आणि त्यात मुलांचे दिवस जातात.

पत्र लांबलं आहे याची जाणीव आहे. जागेअभावी कापावं लागलं तर माझं बाकी काहीही कापा. ‘मदत नको’ असं लिहिल्याने पुढची चार वर्षं काय होतं, तो मजकूर मात्र पूर्ण छापा.

आपली नम्र,
एक शिक्षिका, कोल्हापूर